बर्फाच्या गावातलं उन्हाळं

मावशीला फोटो दाखवत होते. एका फोटोत मी गळ्यापर्यंत पाण्यात, केसांवर भुरभुर बर्फ, मागे सरळसोट कडा आणि मध्ये सगळीकडे पांढरी वाफ. मावशीने चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ नेला. "अगं, एवढ्या बर्फात हे पाणी तापवतं कोण?"

"कोणी नाही. जमिनीतूनच गरम येतं."

"म्हणजे खाली ज्वालामुखी आहे." निकाल देऊन ती चहा टाकायला उठली.

ज्वालामुखी नाहीये. पण चहा होईपर्यंत मला ते तिला धड सांगता आलं नाही, म्हणून इथे नीट लिहिते. आल्प्समधल्या गरम पाण्याच्या गावाला जायचं पुण्यात हल्ली बऱ्याच जणांच्या मनात असतं. ते पाणी येतं कुठून हे एकदा कळलं, की तिथे जाऊन आधी काय करायचं, नंतर काय करायचं, पाण्यात किती वेळ बसायचं, हे आपोआप कळत जातं.

फोटोतलं गाव लॉइकरबाद. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला, व्हॅले प्रांतात. उंची १४११ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा जेमतेम पन्नास-साठ मीटर जास्त. उंची महाबळेश्वरची असली तरी अक्षांश ४६च्या पुढचे, त्यामुळे हिवाळ्यात स्ट्रॉबेरीऐवजी बर्फ. गावाच्या तिन्ही बाजूंनी चुनखडीच्या भिंती उठलेल्या. आणि या थंडगार वाटीच्या तळाशी रोज सुमारे ३९ लाख लिटर गरम पाणी आपलं आपण वर येतं. सर्वात मोठ्या झऱ्याचं, सेंट लॉरेंट त्याचं नाव, तापमान ५१ अंश. त्यात हात घालून पाहा, तीन सेकंदांत मागे घ्याल.

आता तापवतं कोण, ते बघू. पुण्यातलाच दाखला घेते. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधला आणि तिथलं पाणी जमिनीखालच्या बंदिस्त दगडी नळातून थेट शहरात आणलं. वाटेत हवा खेळायला उच्छ्वास, पेठांमध्ये हौद. पंप कुठे होता? नव्हताच. कात्रज उंच, शहर सखल, एवढ्या फरकावर पाणी मैलोन्‌मैल चालत आलं आणि हौदांमध्ये वर चढलं. बंद नळातलं पाणी आपण जिथून निघालो ती उंची विसरत नाही. संधी मिळाली की ते तिथवर परत चढू पाहतं.

लॉइकरबादला हेच होतं, फक्त नळ डोंगराने स्वतःच बांधलाय. भोवतालच्या दोन-तीन हजार मीटर उंच शिखरांवर पाऊस पडतो, बर्फ वितळतो. ते पाणी खडकाच्या भेगांतून खाली मुरत जातं. पाचपन्नास फूट नव्हे, समुद्रसपाटीच्याही खाली, पार पाचशे मीटरपर्यंत. मागून येणाऱ्या उंचावरच्या पाण्याचा रेटा त्याला ढकलत राहतो. मग एखादी मोठी उभी भेग सापडली की ते त्या वाटेने झपाट्याने वर येतं. ज्या डोंगरावर आपण चढायला जातो तोच या गावाचा पंप.

आणि शेगडी? शेगडी म्हणजे साधी जमीन. पृथ्वी आतून गरम आहे. थोडी उष्णता ती जन्माला आली तेव्हाची, अजून निवायची राहिलेली. बाकीची खडकांमधल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सारातून हळूहळू तयार होणारी. खाली जाल तसं दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश वाढतात. कुठेही खणा, अगदी सदाशिव पेठेत खणा, पारा वर चढतच जाणार, मग तो थोडा सावकाश का चढेना.

आता हिशेब करून बघा. गाव १४०० मीटरवर, पाणी जातं समुद्रसपाटीखाली ५००पर्यंत. एकूण खोली १९०० मीटर. किलोमीटरला २५ अंश धरले तर १.९ गुणिले २५, साडेसत्तेचाळीस. त्यात तिथल्या जमिनीचे वरचे चारेक अंश मिळवा. ५१ आले! इतका चपखल आकडा निघाला तेव्हा मलाच शंका आली, आणि प्रत्यक्षात वर येताना पाणी थोडं निवतं, थंड पाणीही मिसळतं, म्हणून हा हिशेब ढोबळच समजायचा. पण ज्वालामुखीची गरज नाही हे मावशीला पटवायला पुरेसा आहे.

या सगळ्या प्रवासाला पाण्याला साधारण चाळीस वर्षं लागतात. मी ज्या कुंडात बसले होते त्यातलं पाणी मी शाळेत असताना त्या डोंगरांवर पडलेलं होतं. खाली असताना ते जिप्समच्या थरांमधून गेलं, म्हणून त्यात कॅल्शियम आणि सल्फेट भरपूर. बोअरच्या पाण्याने नळाच्या तोटीवर पांढरं बसतं ना, त्याच जातीचं जड पाणी.

आपल्याकडे हे नवीन नाही. उलट मराठीत त्याला स्वतःचा शब्द आहे, उन्हाळं. राजापूरजवळचं उन्हाळे, दापोलीजवळचं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे, गावांची नावंच सांगतात. वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरीपासून खाली राजापूरपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याने ही गरम झऱ्यांची माळ गेली आहे. काही चाळीस अंशांच्या आसपास, काही सत्तरच्या. शाळेत आपल्याला सांगितलेलं असतं की महाराष्ट्र ज्वालामुखीच्या लाव्ह्याने बनला, म्हणून लोक जोडून टाकतात, लावा म्हणजे गरम पाणी. पण तो लावा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इतक्या वर्षांत भाकरी तर सोडाच, तवाही निवला. कोकणातलं पाणीही खोल जाऊन, जमिनीच्या उष्णतेने तापून, भेगांतून वर आलेलं आहे.

हिमालयात मात्र प्रकरण जास्त तापतं. मणिकरणला पार्वती नदीकाठी पाणी उकळीच्या जवळ असतं, गुरुद्वारात लंगरचा भात त्यात शिजतो. तिथे डोंगर अजून वेगाने वर उचलला जातोय, खालचे गरम खडक वर येतायत, म्हणून थोड्याच खोलीवर जास्त उष्णता मिळते. तिथेही ज्वालामुखी नाही.

पाणी आलं कुठून ते झालं. आता त्यात बसल्यावर काय होतं ते.

आधी एक गंमत. लॉइकरबादमध्ये लोक शतकानुशतकं उपचारासाठी येत. जुन्या काळी मोठ्या सामायिक हौदात लांब झगे घालून, बायका-पुरुष तासन्‌तास बसून राहायचे. पाण्यावर तरंगत्या तबकांत खाणं, कॉफी, पत्ते. इतकं बसायचे की अंगावर पुरळ उठायचं, आणि पुरळ उठलं म्हणजे रोग बाहेर पडतोय असं मानायचे. आज कुठलाही डॉक्टर त्याला फक्त पुरळ म्हणेल.

गरम पाण्याचे जे फायदे खरे आहेत त्यातले बरेचसे साध्या पाण्याचेच आहेत. पहिला, पाणी उचलून धरतं. गळ्यापर्यंत उभे राहिलात तर गुडघ्यांवर तुमच्या वजनाचा दहावा हिस्साच उरतो. ज्यांचे गुडघे जिना चढताना बोलतात त्यांना हे सुख शब्दांत सांगायला नको. दुसरा, पाणी दाबतं. मीटरभर खोलीवर पाण्याचा दाब पाऱ्याच्या भाषेत ७४ मिलिमीटर. बीपीच्या यंत्रावर खालचा आकडा ८० असतो, त्यावरून अंदाज घ्या. पायाला घट्ट पट्टी बांधल्यासारखा तो दाब पायातलं रक्त आणि सूज वर ढकलतो. छातीत रक्त जास्त आलं की शरीराला वाटतं, अंगात पाणी जास्त झालं, आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. पाण्यात बसल्यावर अर्ध्या तासात लघवीला लागतं त्याचं कारण हे. लाजू नका, पण बाहेर जाऊन या.

तिसरा फायदा उष्णतेचा. त्वचेच्या रक्तवाहिन्या फुलतात, स्नायू सैल पडतात, रक्तदाब उतरतो. म्हणूनच पाण्यातून झटकन उठलात तर डोळ्यांपुढे अंधारी येते. पाण्याचा दाब गेला, वाहिन्या अजून फुललेल्या, रक्त पायांकडे धावलं, डोक्याला कमी पडलं. कठडा धरून सावकाश उठायचं, दोन पायऱ्या चढून थांबायचं. रात्री झोप गाढ लागते तीही उष्णतेमुळेच, पण उलट्या वाटेने: बाहेर आल्यावर फुललेल्या वाहिन्यांमधून शरीर उष्णता टाकत जातं, आतलं तापमान घसरतं, आणि ते घसरलं की झोप येते.

खनिजं कातडीतून आत जाऊन सांधे बरे करतात, या दाव्यावर माझा विश्वास नाही. बाहेरचं आत येऊ नये यासाठीच तर कातडी असते. आणि बोटं सुरकुततात ती पाणी शोषून फुगल्यामुळे असं आपण लहानपणापासून समजतो, तेही खरं नाही. ते काम मज्जासंस्था करते. बोटाचा मज्जातंतू तुटलेल्या माणसाचं ते बोट पाण्यात सुरकुतत नाही.

किती वेळ बसायचं? झऱ्याचं ५१ अंशांचं पाणी निववूनच कुंडात सोडतात. तिथली कुंडं २८पासून ४४ अंशांपर्यंत असतात. ३६च्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, मग बाहेर दहा मिनिटं पडून राहायचं, पाणी प्यायचं, पुन्हा जायचं. चाळिशीच्या वरच्या कुंडात पाच-सात मिनिटं पुष्कळ. बीपीची गोळी चालू असेल, हृदयाचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा. आणि वाईनचा पेला नंतरसाठी ठेवा. गरम पाणी आणि दारू, दोन्ही वाहिन्या फुलवतात, दोन्ही एकदम नको.

रीतिरिवाज सांगायलाच हवेत, कारण आमच्या ग्रुपमधल्या दोघी तिथेच अडल्या. कुंडात उतरायच्या आधी साबण लावून शॉवर घ्यायचा. म्हणजे अंघोळीआधी अंघोळ. पोहण्याचाच पोशाख लागतो, सुती पंजाबी ड्रेस किंवा टी-शर्ट चालत नाही. आणि सौना विभागाच्या दारावरची पाटी वाचून मगच आत जा, कारण तिथे पोहण्याचा पोशाखही चालत नाही. पाटी न वाचता आत गेलेली आमची मैत्रीण ज्या वेगाने परत आली, तो वेग तिने संपूर्ण सहलीत पुन्हा कधी गाठला नाही.

आता डोंगर. गावाच्या डोक्यावर गेमी नावाची खिंड आहे. पुढे सरळ कडा दिसतो, वाट कुठून असेल असं वाटतं, आणि मग नजर बसली की त्या भिंतीत कोरलेली नागमोडी पायवाट दिसायला लागते. १७३९ ते १७४१ या काळात टिरोलच्या कारागिरांनी ती खडक फोडून काढली. नाणेघाट पाहिलेल्या माणसाला या वाटेसमोर उभं राहिल्यावर ओळखीचं वाटतं, व्यापाराची गरज माणसाला कुठून कुठे चढवते!

गाव ते खिंड चढ सुमारे नऊशे मीटरचा. अतकरवाडीतून सिंहगड आपण चढतो तो साधारण सहाशेचा. म्हणजे दीड सिंहगड, पण वर ताक आणि कांदाभजी नाही. नको असेल तर केबल कार काही मिनिटांत २३५० मीटरवर सोडते. इथे एक समजून घ्या. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट असतो. पुणं साडेपाचशे मीटरवर, कालपर्यंत तुम्ही पुण्यात होतात. पहिल्याच दिवशी वर जाऊन धापा टाकल्यात तर तब्येत बिघडली असं समजू नका, हवा विरळ आहे. ऊनही तिथे जास्त चटकतं, दर हजार मीटरला अतिनील किरणं दहाएक टक्के वाढतात आणि ताजा बर्फ त्यातला मोठा हिस्सा खालून पुन्हा तोंडावर मारतो. हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांना क्रीम लावायचं आपल्याला सुचत नाही, आणि नेमकं तिथेच भाजतं.

खिंडीपलीकडे डाउबेन नावाचं तळं आहे. त्यातून एकही ओढा बाहेर पडताना दिसत नाही. मी काठाने चालत शोधून पाहिला. पाणी तळातून चुनखडीत मुरतं. नळाचं वरचं तोंड कसं असतं ते पाहायचं असेल तर हे तळं पाहा. त्याचं पाणी नेमकं गावाच्या झऱ्यात जातं असं नाही, पण प्रकार हाच. जुलैच्या शेवटच्या रविवारी या तळ्याकाठी मेंढपाळांचा सण असतो, मेंढ्यांचे कळप मिठासाठी डोंगरावरून धावत खाली येतात. लोणंदच्या बाजारात वाढलेल्या आमच्या एका मित्राने सगळं स्वित्झर्लंड सोडून या मेंढ्यांचेच सत्तर फोटो काढले.

वाटांच्या पाट्यांचा रंग ओळखायला शिका, बाकी नकाशा नंतर. पिवळी पाटी म्हणजे सोपी वाट, घरच्या बुटांत चालेल. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, ट्रेकचे बूट हवेत. पांढरा-निळा-पांढरा दिसला की परत फिरा, तिथे हाताने धरून चढायचे टप्पे, बर्फ, काहीही असू शकतं. पाटीवर लिहिलेल्या वेळेत विश्रांती धरलेली नसते, आणि आपल्या ग्रुपमध्ये विश्रांतीच जास्त असते, म्हणून दीडपट धरा. शेजारच्या डाउबेनहॉर्नवर लोखंडी दोर आणि शिड्यांची चढाई आहे, देशातली सर्वात लांब म्हणून प्रसिद्ध. ढाकच्या भैरीला साखळीला लोंबकळलोय, हे तिथे पुरत नाही. हार्नेस, हेल्मेट आणि वाटाड्या लागतो. अडचण आली तर त्या भागात १४४ नंबरला फोन करायचा.

क्रम मात्र चुकवू नका. आधी डोंगर, मग पाणी. चढून आलेल्या पायांना गरम पाणी सोसतं, गरम पाण्यातून उठलेल्या पायांना चढ सोसत नाही. वरून आल्यावरही लगेच उडी नको. अंगातलं पाणी घामात गेलेलं असतं, आधी अर्धा लिटर पाणी पिऊन, काहीतरी खाऊन, अर्धा तास बसून मग. आम्हाला नेणाऱ्या सहल कंपनीने सकाळी नऊला कुंड आणि दुपारी बाराला डोंगर ठेवला होता. पंधरापैकी नऊ जण केबल कारच्या वरच्या स्टेशनवरच बाकांवर आडवे झाले.

जाण्याचं थोडक्यात. मुंबईहून झुरिचला थेट विमान आहे. झुरिचहून रेल्वे, वाटेत २००७मध्ये सुरू झालेला लोएचबर्गचा ३४.६ किलोमीटरचा बोगदा, त्यातून बाहेर आलात की ऱ्होन नदीचं खोरं. लॉइक स्टेशनला उतरून बसने अर्ध्या तासात वर. व्हिसा शेंगेनचा, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान ३० हजार युरोचा आरोग्य विमा सक्तीचा. खाण्याचं म्हणाल तर वितळलेलं चीज आणि उकडलेले बटाटे, रॅक्लेट म्हणतात त्याला, आणि ते व्हॅलेचंच. पहिल्या रात्री स्वर्ग, तिसऱ्या रात्री मेतकूट आठवतं. ते बॅगेत असू द्या.

गावात फिरताना हॉटेलं आणि स्नानगृहं गावाच्या मानाने फारच मोठी वाटतील. त्याला कारण आहे. दीड हजाराच्या आसपास वस्तीच्या या ग्रामपंचायतीने स्नानगृहं, क्रीडासंकुल, असं बांधत बांधत जवळजवळ ३५ कोटी फ्रँकचं कर्ज करून ठेवलं आणि १९९०च्या दशकाच्या शेवटी प्रांताला तिचा कारभार हातात घ्यावा लागला. झरा फुकट मिळाला म्हणून भोवतालचं फुकट होत नाही. झऱ्यांतच जास्त रस असेल तर डाला नदीच्या घळीत कड्याला लटकवलेला सहाशे मीटरचा लोखंडी पूल आहे, त्यावरून चालत गेलं की खडकाच्या फटींतून पाणी पाझरताना दिसतं. मला स्नानगृहांपेक्षा ही जागा जास्त आवडली. थंड धबधब्याचे तुषार तोंडावर, आणि शेजारच्या ओल्या खडकाला हात लावला तर तो कोमट.

मावशीचं म्हणाल तर तिला स्वित्झर्लंड झेपणार नाही, तिने स्वतःच सांगितलं. मग मागच्या महिन्यात आम्ही पालीला गेलो. बल्लाळेश्वराचं दर्शन घेतलं, ती आणि काका देवळापाशी थांबले, मी नि भाची सरसगडावर जाऊन आलो. त्या कातळात कोरलेल्या पायऱ्या चढून, घामाघूम होऊन खाली आलो आणि सगळे उन्हेऱ्याच्या कुंडावर. सडक्या अंड्याचा तो वास, गंधकाचा, नाकाला पदर लावूनच मावशी काठावर बसली. साडी जराशी वर घेऊन एक पाऊल आत टाकलं, काढलं, पुन्हा टाकलं.

"आणि हे पाणी कुठून आलं म्हणालीस?"

मी पूर्वेला सह्याद्रीकडे बोट दाखवलं. तिने बराच वेळ तिकडे पाहिलं.

"म्हणजे कात्रजचाच नळ," ती म्हणाली, आणि दुसरं पाऊलही आत सोडलं.